चितारओळीतल्या मुलीला ब्राँझचे पुतळे करायचेत, तिला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी १९ वर्षांची, घर नागपूरच्या महाल भागात चितारओळीत, वडील आणि काका गणपती-दुर्गा करतात, ही लहानपणापासून माती मळते आणि आता डोळे-बोटं पण तीच काढते. तिला माणसांचे पुतळे करायचेत, ब्राँझमध्ये. विचारून राहिली की नागपुरात राहून यावर पोट भरतं का, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात जावंच लागतं का, आणि पहिला मोठा पुतळा मिळायला किती वर्षं लागतात.

बेटा, तुझ्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करतो, कारण बहुतेक पोरं तिथंच अडकतात. पहिला मोठा पुतळा कधी मिळेल हे आत्ता विचारूच नको. डोकी कर. म्हणजे अर्धपुतळे, बस्ट. मी तीसेक वर्षं हेच काम करून राहिलो आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच सांगतो, पण सगळ्यांना घोड्यावरचे महाराज करायचे असतात. मला पहिला नऊ फुटी पुतळा मिळाला तेव्हा माझी जेमतेम दहा-बारा डोकी झाली होती आणि ते काम मी तेव्हा घ्यायलाच नको होतं. आतला सांगाडा मी सहा फुटाच्या हिशोबानं केला, पाईप बारीक घेतला, मातीचं वजन किती वाढेल याचा अंदाजच नव्हता, आणि एप्रिलमधल्या एका रात्री उजवा गुडघा बसला. सकाळी शेडमध्ये गेलो तर अख्खा माणूस एका बाजूला कलला होता, छातीला चीर गेली होती. सगळं उतरवून परत केलं. अडीच महिन्यांचं काम गेलं, आणि ती चूक एखाद्या छोट्या कामावर झाली असती तर दोन दिवसात निस्तरली असती.

वजनाचा हिशोब तुला आत्ताच सांगून ठेवतो, तो शेवटी पैशाचाही हिशोब असतो. ब्राँझचा पुतळा आतून पोकळ असतो, पत्रा साधारण ५ ते ८ मिलिमीटर जाड. ६ मिमी धरला तर एका चौरस मीटरला ५० किलोच्या वर धातू बसतो. कपड्यातल्या माणसाच्या मापाचा पूर्णाकृती पुतळा म्हणजे अडीच-तीन चौरस मीटर, म्हणजे दीडशेच्या आसपास, आतले आधार आणि जोड धरून दोनशे किलोपर्यंत जातो. आता उंची सहाची नऊ फूट केली की लोकांना वाटतं दीडपट धातू लागेल, पण पृष्ठभाग सव्वादोनपट होतो आणि धातूही तितकाच वाढतो. बारा फूट केला की चौपट, वर जाडीही वाढवावी लागते. अर्धपुतळा मात्र तीस-चाळीस किलोत होतो. तो दोन माणसं उचलू शकतात, बिघडला तर परत ओतता येतो, आणि त्यात ब्राँझचं सगळं शिक्षण होतं, चेहऱ्यापासून पॅटिनापर्यंत, म्हणजे धातूवर केमिकलनं चढवायच्या रंगापर्यंत.

आता तुझ्या हाताबद्दल बोलतो. तुला माती कळते ही फार मोठी गोष्ट आहे. कॉलेजमधल्या पोरांना दुसऱ्या वर्षापर्यंत माती किती ओली ठेवायची, कुठं तडकेल हे समजत नाही, तुला ते बोटांना कळतं, तणसावर माती चढवून उभी मूर्ती करणं हे काही लहान काम नाही. पण एक गोष्ट तुला मुद्दाम विसरावी लागेल. गणपतीचे दोन्ही डोळे सारखे, दोन्ही गाल सारखे, मधोमध रेघ मारली तर दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत, वडिलांनी तुला तेच शिकवलं असणार आणि मूर्तीसाठी ते बरोबरच आहे. माणसाचा चेहरा तसा कधीच नसतो. एक भुवई वर असते, नाक जरा एका बाजूला वळलेलं असतं, ज्या बाजूनं माणूस चावतो तो जबडा भरलेला असतो, एक खांदा खाली असतो. तू सवयीनं दोन्ही बाजू सारख्या करशील, चेहरा सुंदर होईल आणि माणूस निघून जाईल. हे डोक्यातून काढायला मला वाटतं वीस-पंचवीस डोकी जातात. त्याला शॉर्टकट मला तरी सापडला नाही.

एक अनुभव सांगतो. जिल्ह्यातल्या एका शाळेच्या संस्थापकांचा अर्धपुतळा होता, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती, मला चार फोटो मिळाले, त्यातले तीन समोरून आणि एक सत्काराचा, हारात मान बुडालेली. माती झाली, कमिटी आली, सगळे म्हणाले हुबेहूब, फोटो हातात धरून जुळवून पण पाहिलं. त्यांची मुलगी सोबत आली होती, साठीची असेल, ती काही बोलली नाही, नुसती मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, बाबांची मान अशी सरळ नव्हती, ते सायकलवर गावोगाव फिरले ना, मान पुढे असायची आणि ऐकताना डावीकडे वळायची. मी तिला म्हटलं ताई, दाखवा बसून. ती स्टुलावर बसली आणि बापासारखी मान केली. मी तिच्यासमोरच गळ्यात तार घालून मातीचं डोकं कापलं, पाऊण इंच पुढे आणि थोडं डावीकडे बसवलं. चेहऱ्याला हातही लावला नाही. ती रडायला लागली. त्या दिवसापासून कमिटीच्या आधी मी घरातल्या माणसाला बोलावतो, आणि त्याला समोरून नाही, मागून आणि बाजूनं दाखवतो. घरच्यांना माणूस पाठमोरा जास्त ओळखू येतो.

फोटोचं पण लक्षात ठेव. मोबाईलनं जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, ती लेन्सची करामत असते, त्यावरून माप घेशील तर फसशील. फ्लॅशच्या फोटोत गालाची हाडं सपाट होतात. लग्नाचे अल्बम माग, त्यात माणूस बाजूनं, बोलताना, जेवताना असतो. चष्मा असेल तर खरा चष्मा माग, जुनी टोपी असेल तर ती माग, तिच्या आतल्या घेरावरून डोक्याचं माप मिळतं.

आणि बाहेर उघड्यावर बसणारं डोकं माणसाच्या मापाचं करू नको, ते लहान दिसतं. सव्वा ते दीडपट करावं लागतं. शिवाय धातू थंड होताना दीड-दोन टक्के आकसतो, मेण पण थोडं आकसतं. मातीचा रंग फिका, ब्राँझचा गडद, म्हणून मातीत जी सावली छान दिसते ती ब्राँझमध्ये हरवते. डोळ्याची बाहुली खोल खणायची, पापणीची कड जरा जास्तच धारदार ठेवायची. मी मंजुरीच्या आधी प्लास्टरच्या कॉपीला तपकिरी रंग मारून उन्हात ठेवून पाहतो, त्यात ज्या चुका दिसतात त्या ओल्या मातीत कधीच दिसत नाहीत.

ब्राँझची प्रक्रिया तू पुढे प्रत्यक्ष पाहशीलच, पण ढोबळ सांगतो. मातीवरून साचा, हल्ली सिलिकॉन रबर आणि वर फायबरचं कवच. त्या साच्यात मेणाचा थर, पाच-सहा मिमी, म्हणजे धातू जेवढा जाड पाहिजे तेवढाच. मेणाचा पोकळ चेहरा बाहेर काढून तो दुरुस्त करायचा, आणि हे दुरुस्तीचं काम शिल्पकारानं स्वतः करायला पाहिजे, फाउंड्रीच्या पोरावर सोडलं तर ओठाच्या कडा पुसल्या जातात. मग मेणाच्याच काड्या लावायच्या, रनर धातू आत यायला आणि रायझर हवा बाहेर जायला. आतून-बाहेरून प्लास्टर आणि विटेच्या भुकटीचं आवरण किंवा सिरॅमिक शेल. भट्टीत मेण वितळून जातं, साचा भाजला जातो, मग मुशीतला धातू अकराशे अंशाच्या वर तापवून त्या रिकाम्या जागेत ओतायचा. थंड झाला की साचा फोडायचा, काड्या कापायच्या, आर्गॉन वेल्डिंग, ग्राइंडर, चेसिंग. चेसिंग म्हणजे छिन्नी-पंचानं जोड बुजवून मातीतला पोत परत आणणं, याला ओतण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. शेवटी बर्नरनं तापवून केमिकलनं पॅटिना आणि वर मेणाचा हात. फार मोठे पुतळे बहुतेक वेळा तुकड्यातुकड्यात, वाळूच्या साच्यात ओततात, तो वेगळाच मामला आहे.

पण हे सगळं नागपुरात करायचं म्हणजे आधी नागपूरचं हवामान शिकावं लागतं. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या पुढे जातो, शेडमध्ये टिनाखाली त्याहून जास्त, तेव्हा मेणाचा चेहरा टेबलावर नुसता ठेवला तरी हनुवटी खाली उतरते. उन्हाळ्यात मी मेणाचं काम रात्री अकरानंतर करतो आणि तुकडे पाण्याच्या टाक्यात ठेवतो. मातीचं उलटं, ती दुपारी दोन तासात वाळून कान-नाक तडकतात, म्हणून ओलं फडकं, त्यावर प्लॅस्टिक, आणि खिडकीला वाळ्याची ताटी. पावसाळ्यात साचे वाळतच नाहीत. माझं ओतकाम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत, बाकीचं वर्ष माती, साचे, मेण. ऑर्डर घेताना हे कॅलेंडर आधी सांगावं लागतं, कारण कमिटीला जयंतीच्या तारखेला पुतळा पाहिजे असतो आणि त्यांना वाटतं की माती झाली म्हणजे काम झालं.

एकदा मी ते कॅलेंडर मोडलं. सप्टेंबर होता, उद्घाटनाची तारीख डोक्यावर, साचा दोन दिवस कमी भाजला. वरून कोरडा होता, आत ओल राहिली. धातू आत गेला, ओलीची वाफ झाली आणि साच्यानं धातू बाहेर थुंकला. माझ्या मदतनीसाच्या पायावर पडला, चामड्याचा बूट होता तरी वरून आत शिरला, चार महिने तो घरी होता. त्याचा पगार आणि दवाखाना मी केला, पण त्याचा पाय अजून थंडीत दुखतो आणि तो दोष माझा आहे. तुझ्याकडे कुणी कितीही मोठी तारीख घेऊन आलं तरी ओल्या साच्यात ओतू देऊ नको. ओततांना सुती कपडे, चामड्याचा अॅप्रन, चेहऱ्यावर शील्ड, पँट बुटाच्या वरून. ग्राइंडिंगला आणि वाळलेलं प्लास्टर फोडताना चांगला मास्क, नुसता रुमाल नाही, त्या धुळीतली सिलिका फुफ्फुसात बसते ती निघत नाही. वेल्डिंग करताना धातूतल्या जस्ताच्या धुरानं संध्याकाळी ताप भरतो, मोकळ्या हवेत कर.

धातूबद्दल. पुतळ्याच्या कामात आपल्याकडे जास्त करून ८५-५-५-५ चालतं, म्हणजे ८५ टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५. एमआयडीसीत मशीनचे पार्ट ओतणाऱ्या फाउंड्र्या आहेत, त्यातले काही जण पुतळेही ओतून देतात, पण त्यांना चेहऱ्याची सवय नसते, आणि भाव पाडला की भंगारातले नळ-कॉक वितळवून टाकतात. माझ्या एका अर्धपुतळ्यात असंच झालं, दुसऱ्या पावसाळ्यात गालावर चट्टे आले, पॅटिना धरेचना, रनरचा तुकडा लॅबमध्ये दिला तर शिसं आणि जस्त कितीतरी जास्त. फाउंड्रीवाल्यानं हात वर केले, मी स्वतःच्या पैशानं परत ओतून दिला कारण खाली नाव माझं होतं. तेव्हापासून प्रत्येक ओतकामाचा तुकडा मी टेस्टिंगला पाठवतो आणि रिपोर्ट गिऱ्हाइकाला देतो. आणि मूस भट्टीतून निघते तेव्हा मी तिथं हजर असतोच, बाहेरगावी ओतकाम असलं तरी आदल्या रात्रीची गाडी पकडतो.

पोट भरतं का, तर हो, भरतं, पण पगारासारखं दर महिन्याला नाही. विदर्भात शिक्षण संस्था आहेत, पतसंस्था आहेत, दवाखाने आहेत, गावोगाव बुद्धविहार आहेत, लोक आपल्या माणसांचे पुतळे खरंच मनापासून करतात, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेमुळे बाबासाहेबांच्या पुतळ्याची मागणी इथं पिढ्यान्‌पिढ्या आहे. सुरुवातीला मात्र बहुतेकांना ब्राँझ परवडणार नाही, फायबर मागतील. कर. फायबरचं डोकं हेही डोकंच आहे, माती तेवढीच मन लावून करावी लागते. फक्त फायबरला ब्राँझचा रंग देऊन ब्राँझच्या भावात विकणारे आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नको, बिलावर स्पष्ट लिही की हे फायबर आहे.

पैसे टप्प्यानं घे. माझी पद्धत, ऑर्डरला तीस टक्के, माती मंजूर झाली की तीस, ओतायच्या आधी तीस, आणि पुतळा चबुतऱ्यावर बसला की दहा. ओतकामाच्या आधी नव्वद टक्के हातात पाहिजेत कारण धातूचे पैसे तुला रोख मोजावे लागतात, तांब्याचा भाव रोज हलतो, म्हणून कोटेशनवर तारीख आणि किती दिवस लागू हे लिहायचंच. एका संस्थेकडे माझे शेवटचे चाळीस टक्के अडकले होते, ते कधीच आले नाहीत, आणि पुतळा तर उभा आहे, मी त्या रस्त्यानं जातो तेव्हा त्याला नमस्कार करतो, त्या माणसाचा त्यात काय दोष. मातीच्या मंजुरीची सही कागदावर घे, चारही बाजूंच्या फोटोवर सही. नंतर कुणीतरी येऊन म्हणतंच की मिशी अशी नव्हती.

जे.जे.चं. जायला मिळालं तर जा, खरंच जा, पण नाही गेलीस तर दार बंद झालं असं नाही. तिथं शरीरशास्त्र शिकवतात, समोर जिवंत मॉडेल बसतं, आणि तुझ्यासारखेच वेडे सोबती मिळतात, याची किंमत मोठी आहे. बीएफएला, म्हणजे कलेच्या पदवीला, प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी कर. बडोद्याची फाइन आर्ट्स फॅकल्टी आणि शांतिनिकेतनचं कलाभवन पण पाहून ठेव. आणि नानासाहेब करमरकरांचं नाव ऐकलं नसशील तर आज ऐक. अलिबागजवळच्या सासवण्याचे, घरी गणपतीच्या मूर्ती व्हायच्या, तू ज्या घरात वाढलीस तसंच घर. पोरानं भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफिल्ड नावाच्या इंग्रज कलेक्टरनं पाहिलं आणि त्याला जे.जे.ला पाठवलं. त्याच पोरानं पुढे पुण्याचा अश्वारूढ शिवाजी केला, १९२८ चा. सासवण्याला त्यांच्या घरात संग्रहालय आहे, तिथली म्हैस पाहा, सिमेंटची आहे, पण दुरून बघणाऱ्याला ती आत्ता उठेल असं वाटतं. राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, जे.जे.तून निघाल्यावर काही वर्षं पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या दुरुस्तीवर होते, मग दिल्लीत सरकारी नोकरी, ती १९५९ मध्ये सोडून पूर्ण वेळ शिल्पकाम. १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा २०१८ ला उभा राहिला तेव्हा त्यांचं वय नव्वदीच्या पुढे होतं. वर्षं किती लागतात या तुझ्या प्रश्नाचं हे पण एक उत्तर समज.

नागपुरातही शिकायला भरपूर आहे. अजब बंगल्यात जा, १८६३ पासूनचं म्युझियम आहे, तिथल्या जुन्या मूर्ती वही घेऊन काढ, फोटो नको. रामटेकजवळ हमलापुरीला वाकाटक काळातल्या बुद्धाच्या धातूच्या मूर्ती सापडल्या आहेत, म्हणजे आपल्या मातीत हे काम दीड हजार वर्षं जुनं आहे, बाहेरून आलेलं नाही. संविधान चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ सकाळी सात वाजता आणि परत संध्याकाळी पाचला उभी राहा, ऊन फिरलं की चेहरा कसा बदलतो ते पाहा.

मोठ्या पुतळ्यांबद्दल थोडंच सांगतो. सार्वजनिक जागेवरच्या पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते, आणि जानेवारी २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर रस्त्यावर, फुटपाथवर नवीन पुतळा बसवता येत नाही. हे कागद कमिटीनं आणायचे असतात पण पाहून घ्यायचे तू, परवानगी नसताना पुतळा ओतून बसलीस तर तो वर्षानुवर्षं ताडपत्रीत राहतो. आणि मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पडला, नऊ महिने पण झाले नव्हते. ती बातमी पाहिली त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या सगळ्या धंद्याला तो धक्का होता. वारा किती, खारी हवा किती, आतलं स्टील कुठलं, नट-बोल्ट गंजतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरचं काम आहे, त्याची फी कोटेशनमध्ये वेगळी धर आणि त्याची सही असल्याशिवाय पुतळा चबुतऱ्यावर चढवू नको.

पुतळा बसल्यावरही आपलं काम संपत नाही. लोक प्रेमापोटी जयंतीच्या आदल्या रात्री ब्राँझला सोनेरी ऑइल पेंट मारतात. पेंटखाली सगळा पोत बुजतो, तीन-चार वर्षांत डोळे भरून सपाट होतात. मी पुतळ्यासोबत एक मेणाचा डबा आणि मऊ कापड देतो आणि तिथल्याच एका माणसाला शिकवतो, साध्या पाण्यानं धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं, वर्षातून दोनदा मेण, ओले हार रात्री उतरवायचे, दूध ओतायचं नाही. ज्या गावात असा एक माणूस मिळाला तिथले माझे पुतळे वीस वर्षांनंतरही छान आहेत.

आता तू काय करायचं ते. यंदा विसर्जन झालं, दुर्गा झाली की तुमच्या घरी थोडी उसंत असते, तेव्हा वडिलांना समोर बसव आणि त्यांचं डोकं कर. रोज तासभर, वीस दिवस. त्यांनी हजारो चेहरे केले असतील पण त्यांचा चेहरा कुणी केला नसेल. दोन्ही बाजू वेगळ्या मोजायच्या, कॅलिपर घे, नसेल तर दोन काड्या दोऱ्यानं बांध. मागून पण कर, वर्षानुवर्षं मूर्तीवर वाकून काम केलेल्या माणसाची मान कशी असते ते तुला मागूनच दिसेल. आईला मधे दाखवू नको, विसाव्या दिवशी मागच्या बाजूनं दाखव आणि ती काय म्हणते ते लिहून ठेव. मग ते डोकं घेऊन माझ्याकडे ये, हिंगणा एमआयडीसीत शेड आहे, दिवाळीनंतर भट्टी सुरू असते. आणताना पाटाला खिळे मारून त्यावर घट्ट बसव, ओल्या फडक्यात गुंडाळ, आणि ऑटोत मांडीवर घेऊ नको, खाली पायाजवळ गोणपाटावर ठेव आणि दोन्ही हातांनी पाट धर, रस्त्यात गतिरोधक फार आहेत.